थिएरी हेन्री अजून इतका लाडका का? खेळ, तंत्र आणि प्रशिक्षकपद

क्लॉकएंड
फ्रेंच फुटबॉलपटू हेन्रीने डिसेंबर २०१४ मध्ये निवृत्ती घेतली. आज जी मुलं पंधरा-सोळा वर्षांची आहेत त्यांनी त्याला मैदानात प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलंच नाही, तरी पाठीवर १४ आणि त्याचं नाव असलेले आर्सेनल या लंडनच्या क्लबचे शर्ट अजून जागोजागी दिसतात. नुसते गोल मोजले तर त्याच्यापेक्षा जास्त गोल करणारे आहेत. प्रीमियर लीगमध्ये शिअररचे २६० गोल आणि हेन्रीचे १७५. फ्रान्ससाठी त्याचे १२३ सामन्यांत ५१ गोल, आणि तो विक्रमही डिसेंबर २०२२ मध्ये जिरूने मोडला. प्रशिक्षक म्हणून मोनॅकोत तो चार महिनेही टिकला नाही. तरी त्याच्यावरचं प्रेम कमी होत नाही.

माझं म्हणणं असं की लोकांनी नुसते गोल लक्षात ठेवले नाहीत, त्याची चाल लक्षात ठेवली. चेंडू डाव्या बाजूला त्याच्याकडे आला की पुढे काय होणार हे प्रेक्षकाला कळायचं, बचावपटूला कळायचं, आणि तरी ते व्हायचंच. या धाग्यात नेमकं लिहूया: कोणता सामना, कोणता पाय, कोणती जागा. "काय खेळायचा राव" एवढ्यावर थांबू नये ही विनंती.

मधली_फळी
चांगला धागा. सुरुवातीची पार्श्वभूमी मांडतो.

जन्म १७ ऑगस्ट १९७७, पॅरिसजवळच्या ले झ्युलिस उपनगरात. वडील ग्वादलूपचे, आई मार्टिनिकची. क्लेअरफोंतेनच्या अकादमीतून मोनॅकोत गेला आणि ऑगस्ट १९९४ मध्ये, पुढे आर्सेनलचा प्रशिक्षक झालेल्या वेंगरनेच त्याला पहिला सामना दिला. मोनॅकोत तो मुख्यतः बाजूने खेळणारा विंगर होता. १९९६-९७ ला फ्रेंच लीग जिंकली, पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगमध्ये ७ गोल. १९९८ च्या विश्वचषकात फ्रान्सतर्फे सर्वाधिक, म्हणजे ३ गोल त्याचेच. अंतिम सामन्यात तो बदली म्हणून उतरणार होता, पण फ्रान्सचा बचावपटू मार्सेल देसाई याला लाल कार्ड मिळालं आणि ती बदली रद्द झाली.

जानेवारी १९९९ मध्ये युव्हेंटस. तिथे त्याला बाजूच्या रेषेवर ठेवलं, मागे येऊन बचावही करायला लावला. लीगमध्ये १६ सामने, ३ गोल. ऑगस्ट १९९९ मध्ये आर्सेनलने सुमारे १.१ कोटी पौंडांत घेतलं, कारण अनेल्का रेआल माद्रिदला गेला होता. वेंगरने त्याला मध्यभागी आणलं. पहिल्या आठ सामन्यांत एकही गोल नाही. पहिला गोल १८ सप्टेंबरला साउथॅम्प्टनमध्ये, बदली म्हणून उतरून, १-० ने विजय. त्या हंगामाअखेर सगळ्या स्पर्धा मिळून २६ गोल.

विंगरचा स्ट्रायकर झाला, पण विंगरच्या सवयी गेल्या नाहीत. पुढचं सगळं इथून निघतं. मध्यभागी उभा राहून क्रॉसची वाट पाहणारा नऊ नंबर तो कधीच झाला नाही. तो डावीकडे सरकायचा आणि तिथून आत यायचा.

ऑफसाईडरेषा
मधली_फळी यांना अनुमोदन. ती डावी बाजू एकट्याने चालत नव्हती, हे मात्र नेहमी सुटतं.

आर्सेनलची मांडणी कागदावर ४-४-२, म्हणजे चार बचावपटू, चार मधले, दोन पुढचे. डावा बॅक अॅशली कोल, डावीकडे पिरेस, मधून व्हिएरा, हेन्रीच्या मागे बर्गकँप. चेंडू आपल्याकडे आला की पिरेस रेषेवर थांबायचा नाही, आत यायचा. मोकळ्या झालेल्या रेषेवरून कोल वर धावायचा. हेन्री मधून त्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात उतरायचा. प्रतिस्पर्धी उजव्या बॅकसमोर आता तीन माणसं: पिरेसला धरू, कोलला धरू, की हेन्रीला? हेन्रीच्या मागे सेंटर बॅक गेला तर मधे भोक पडतं, आणि तिथे बर्गकँपचा पास किंवा पिरेसची धाव. पिरेसने २००२-०३, २००३-०४ आणि २००४-०५ या तिन्ही हंगामांत लीगमध्ये प्रत्येकी १४ गोल केले, ते असेच.

म्हणूनच २००२-०३ चा हेन्री मला सर्वांत मोठा वाटतो. लीगमध्ये २४ गोल आणि २० गोलसाहाय्य. साहाय्याच्या त्या आकड्याशी बरोबरी व्हायला २०१९-२० उजाडलं, आणि ती केली डी ब्रॉयनने, जो मधल्या फळीचा खेळाडू आहे. सर्वाधिक गोलचा मान हेन्रीला चार वेळा मिळाला (२००१-०२, २००३-०४, २००४-०५, २००५-०६), पण २००२-०३ त्यात नाही. त्या वर्षी एका गोलने व्हॅन निस्टलरॉय पुढे राहिला.

रंकाळा
कोल्हापुरात पेठापेठांत, तालमीतालमींत पोरं फुटबॉल खेळतात, आणि डावीकडून आत येऊन लांबच्या खांबाशी चेंडू ठेवायचा प्रयत्न जवळपास प्रत्येक फॉरवर्ड करतो. दहातले सात चेंडू एकतर गोलकीपरच्या हातात किंवा बाहेर जातात. ही किक १३-१४ वर्षांच्या मुलांना नेमकी कशी शिकवायची? कुणी पायऱ्या लिहील का?

क्लॉकएंड
रंकाळा, सविस्तर लिहितो. उजव्या पायाच्या मुलाला गृहीत धरून.

जागा: गोलरेषेपासून १२ ते १४ मीटर, आणि डाव्या खांबाच्या ६ ते ८ मीटर डावीकडे. म्हणजे पेनल्टी क्षेत्राच्या आत, डाव्या बाजूला. इथून लांबचा खांब साधारण १९ मीटर पडतो, तेवढा पल्ला या वयाच्या मुलाला झेपतो. यापेक्षा बाहेर, बाजूच्या रेषेकडे गेलं की कोन इतका अरुंद होतो की गोलकीपर एका पावलात दोन्ही बाजू झाकतो. बहुतेक मुलांची पहिली चूक हीच: धाव सरळ गोलरेषेकडे जाते. धाव तिरकी हवी, पेनल्टी ठिपक्याच्या दिशेने.

किकच्या आधीचा स्पर्श: हा सर्वांत महत्त्वाचा. चेंडू पायाला चिकटून राहिला तर पाय मागे घ्यायला जागा उरत नाही. चेंडू दीड पाऊल पुढे आणि किंचित उजवीकडे ढकलायचा. हेन्रीचा वेग डोळ्यांत भरतो, पण या एका स्पर्शाच्या वेळी तो वेग उतरवायचा. मुलं नेमकी इथे वेग वाढवतात.

टेकणारा पाय: डावा पाय चेंडूच्या बाजूला, साधारण एक पाऊलभर अंतर ठेवून. फार जवळ पडला तर उजवा पाय अडकतो, फार मागे पडला तर अंग मागे झुकतं आणि चेंडू आडव्या दांड्यावरून जातो. बोटं लांबच्या खांबाकडे.

कंबर: किक मारताना कंबर उघडी हवी, म्हणजे छाती गोलाच्या मध्याकडे नाही, लांबच्या खांबाकडे. कंबर बंद राहिली की चेंडू आपोआप जवळच्या बाजूला, म्हणजे गोलकीपरच्या अंगावर जातो. तुमच्या दहातल्या सातांपैकी बरेच इथे वाया जात असणार.

स्पर्श: घोटा घट्ट, बोटं वर, पायाची आतली बाजू, अंगठ्याच्या सांध्याच्या मागचा भाग. चेंडूच्या मध्यावर, किंचित उजवीकडून. खालून उचलायचा नाही. चेंडू खांबाच्या थोडा बाहेर निघतो आणि वळून आत येतो. जोर पाऊणच. पूर्ण जोर लावला की घोटा सैल पडतो आणि वळण जातं.

सराव: लांबच्या खांबापासून आत १ मीटरवर एक शंकू ठेवा, त्या मधल्या फटीतून चेंडू गेला पाहिजे. सहा किकची एक फेरी, मधे दोन मिनिटं, अशा पाच फेऱ्या. पहिला आठवडा गोलकीपर नको. दुसऱ्या आठवड्यात गोलकीपर. तिसऱ्यात मुलाच्या दोन मीटर मागून एक बचावपटू सोडा. आधीच बचावपटू सोडला तर मूल घाईत कंबर बंद करून मारायला शिकतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

कूपरेज
क्लॉकएंड यांनी उत्तम लिहिलंय. आपल्याकडच्या मैदानांसाठी एक भर. मातीच्या कडक मैदानावर चेंडू सरपटत नाही, टप्पे घेत जातो. ही किक चेंडू टप्प्यावरून वर येत असताना मारली तर हमखास उडते. टप्पा खाली येऊ द्यायचा, किंवा अर्धा स्पर्श जास्त घ्यायचा. हवाही तपासा. नियमाप्रमाणे दाब ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर चालतो. कडक मातीवर खालच्या टोकाजवळ ठेवला की चेंडू थोडा बसतो. दगडासारखा फुगवलेला चेंडू पायाच्या आतल्या बाजूवर टिकत नाही, नुसता आदळून सुटतो. आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ४ नंबरचा चेंडू द्या. ५ नंबरचा जड पडतो, आणि मग मुलं आतली बाजू सोडून टोच्याने मारतात.

ऑफसाईडरेषा
इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण 'हेन्री म्हणजे उजव्या पायाची आतली बाजू' हे समीकरण फार पक्कं झालंय. त्याचे सर्वांत गाजलेले तीन एकट्याने नेलेले गोल डाव्या पायाचे आहेत.

१६ नोव्हेंबर २००२, टॉटनहॅम, हायबरी (आर्सेनलचं जुनं मैदान). स्वतःच्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन निघाला, पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून डाव्या पायाने. मग मैदानभर उलट धावत जाऊन टॉटनहॅमच्या पाठीराख्यांसमोर गुडघ्यांवर घसरला. एमिरेट्स या आर्सेनलच्या नव्या मैदानाबाहेरचा पुतळा त्याच क्षणाचा आहे, ९ डिसेंबर २०११ ला अनावरण झालं.

२५ नोव्हेंबर २००३, इंटर, सान सिरो, ५-१. पहिला गोल ओळखीचा: कोलशी देवाणघेवाण, उजवी आतली बाजू, लांबचा खांब. दुसरा नीट पाहा. समोर एकटा झनेटी. हेन्री जवळजवळ थांबतो, झनेटीला थांबायला भाग पाडतो, आणि मग एकदम बाहेरच्या बाजूने निघतो. डाव्या पायाने तिरका फटका लांबच्या कोपऱ्यात. उभ्या माणसाला पुन्हा वेग पकडायला जो अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात गोल.

२१ फेब्रुवारी २००६, रेआल माद्रिद, बर्नाबेऊ, १-०. मधल्या वर्तुळाजवळून निघाला, चौघांना मागे टाकलं, डाव्या पायाने गोलकीपर कसियासच्या पलीकडे.

कारण सरळ आहे. सगळ्यांना आतली वाट माहीत झाली होती, त्यामुळे बचावपटू आतली बाजू झाकून उभे राहायचे. बाहेरची वाट त्यांनीच मोकळी करून दिली. तेव्हा रंकाळा, तुमच्या मुलांना उजवा पाय पक्का झाला की डावाही शिकवा, नाहीतर तिसऱ्या सामन्यात बचावपटू त्यांना ओळखून असेल.

उत्तरबाजू
मला ९ एप्रिल २००४ चा लिव्हरपूलविरुद्धचा सामना सर्वांत वरचा वाटतो. त्या आठवड्यात आर्सेनल ३ तारखेला एफए कपच्या उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडकडून हरलं होतं, ६ तारखेला चॅम्पियन्स लीगमध्ये चेल्सीकडून. हायबरीवर मध्यंतराला १-२ ने मागे. पिरेसने बरोबरी केली, आणि पुढच्याच मिनिटाला हेन्रीने मैदानाच्या मध्यातून चेंडू उचलला. हामान मागे, कॅरागर मागे, आणि गोलकीपर ड्यूडेकच्या बाजूने शांतपणे आत. शेवटी ४-२, हेन्रीची हॅटट्रिक. तो हंगाम २६ विजय, १२ बरोबरी, एकही पराभव नाही, ९० गुण. त्या दिवशी हरले असते तर लीगमधली ४९ सामन्यांची ती अपराजित मालिका झालीच नसती. लोकांचं प्रेम अशा दिवसांवर बसतं.

शिट्टी
रेफरीच्या बाजूने दोन प्रसंग, कारण दोन्हींचा नियम अजून चुकीचा सांगितला जातो.

१२ डिसेंबर २००४, चेल्सीविरुद्ध, २-२. चेल्सीचा गोलकीपर पीटर चेक खांबाला टेकून खेळाडूंची भिंत लावत होता आणि हेन्रीने फ्री किक मारून टाकली. गोल वैध. नियम असा: फ्री किक घेणाऱ्याने ९.१५ मीटरचं अंतर मोजून मागितलं, तर रेफरीची शिट्टी होईपर्यंत थांबावं लागतं. मागितलं नाही तर चेंडू स्थिर होताच मारता येतो. रेफरी ग्रॅहम पोल यांनी विचारलं, हेन्रीने शिट्टी नको असं सांगितलं, आणि मारली. भिंत लावण्याची सवड हा प्रतिस्पर्ध्याचा हक्क नाही.

दुसरा प्रसंग २२ ऑक्टोबर २००५, मँचेस्टर सिटीविरुद्धची पेनल्टी. पिरेसने चेंडू हलकेच पुढे सरकवायचा आणि मागून धावत येऊन हेन्रीने मारायचा, असं ठरलं होतं. १९८२ मध्ये क्रायफ आणि ऑल्सेन यांनी आयाक्ससाठी हे केलं होतं. नियमात बसतं, फक्त तीन अटी: चेंडू पुढे गेला पाहिजे, साथीदार किक होईपर्यंत क्षेत्राबाहेर आणि चेंडूच्या मागे असला पाहिजे, आणि मारणाऱ्याने दुसऱ्यांदा स्पर्श करायचा नाही. पिरेसचा पाय चेंडूला जेमतेम लागला, चेंडू नीट हललाच नाही, पिरेस गोंधळून पुन्हा पुढे झाला आणि सिटीला फ्री किक मिळाली. आधी पिरेसनेच मारलेल्या पेनल्टीवर आर्सेनल १-० ने जिंकलं, म्हणून निभावलं.

मधली_फळी
कमकुवत बाजूही लिहूया, नाहीतर धागा एकांगी होईल. डोक्याने गोल फार कमी. उंची सहा फुटांवर असूनही तो कॉर्नरला क्षेत्रात नसायचाच, कारण बरेचसे कॉर्नर तोच मारायचा. अंतिम सामन्यांत त्याचा हात आखडल्यासारखा दिसतो. १७ मे २००६ ला पॅरिसमध्ये बार्सेलोनाविरुद्ध त्याला दोन स्पष्ट संधी मिळाल्या, एक सुरुवातीला आणि एक १-० ची आघाडी असताना, दोन्ही गोलकीपर वाल्देसने अडवल्या, आणि १-२ ने पराभव. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर मिळाला नाही. २००३ मध्ये दुसरा, नेडव्हेडच्या मागे. मतदारांना युरोपीय स्पर्धा दिसते, लीगमधले शनिवार दिसत नाहीत.

बार्सेलोनात मात्र त्याने स्वतःला बदललं. मेस्सी आणि एतोच्या डावीकडे, रेषेजवळ, कमी स्पर्शांत खेळला. २००८-०९ मध्ये सगळ्या स्पर्धा मिळून २६ गोल, २ मे २००९ ला बर्नाबेऊवरच्या ६-२ मध्ये दोन, आणि लीग, कप, चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक. तो हंगाम आर्सेनलचे पाठीराखे फार आठवत नाहीत, पण तिथेच त्याच्या खेळाची समज सर्वांत जास्त दिसते असं मला वाटतं.

शिट्टी
आणि १८ नोव्हेंबर २००९. आयर्लंडविरुद्ध, विश्वचषक पात्रतेचा दुसरा सामना, जादा वेळ. मालुदाची फ्री किक, चेंडू हेन्रीच्या डाव्या हाताला दोनदा लागला, त्याने गॅलासला दिला, गोल. रेफरी आणि साहाय्यक दोघांसमोर माणसांची गर्दी होती, व्हिडिओ रेफरी तेव्हा नव्हता. दोन दिवसांनी हेन्रीने सामना पुन्हा खेळवणं सर्वांत न्याय्य ठरेल असं निवेदन दिलं. जानेवारी २०१० मध्ये फिफाच्या शिस्तपालन समितीने कारवाई नाही असं ठरवलं. पुढे २०१५ मध्ये उघड झालं की फिफाने आयरिश संघटनेला ५० लाख युरो दिले होते. लोकप्रियतेचा हिशेब मांडताना आयर्लंड वेगळा मोजावा लागेल. तिथे ते विसरलेले नाहीत, आणि ते रास्तच आहे.

मांडवी
महाराष्ट्र-गोव्याचा धागा जोडतो. २०१४ च्या पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये हेन्रीच्या गोतावळ्यातले बरेच जण इकडे खेळले. पिरेस एफसी गोवाकडून फातोर्ड्यात, झिको प्रशिक्षक असताना. युंगबर्ग मुंबई सिटीकडून. मोनॅकोपासूनचा जोडीदार त्रेझेगे एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत. आणि ज्याच्या जागी आर्सेनलने हेन्रीला घेतलं तो अनेल्का मुंबईकडून. २०१५ मध्ये अनेल्का मुंबईचा खेळाडू आणि प्रशिक्षक एकाच वेळी होता, म्हणजे फ्रेंच स्ट्रायकर प्रशिक्षक होतो तेव्हा काय होतं हे मुंबईने हेन्रीच्या आधी पाहिलं. संघ सहावा आला. स्वतः मैदानात असताना बाहेरून खेळ वाचता येत नाही, बदली कधी करायची हे कळायला उशीर होतो.

आणि नाव: फ्रेंचमध्ये सुरुवातीचा 'ह' उच्चारत नाहीत, 'तिएरी आँरी'च्या जवळपास. पण मराठी वर्तमानपत्रांनी पंचवीस वर्षं हेन्री छापलंय, तेच चालू दे.

ऑफसाईडरेषा
आता प्रशिक्षकपदाकडे येऊ. मोनॅकोत तो नापास झाला हे खरं, पण कशात हे कुणी पाहत नाही.

१३ ऑक्टोबर २०१८ ला नेमणूक. तेव्हा संघ ९ सामन्यांत ६ गुणांवर, अठरावा. २०१७ च्या विजेत्या संघातले एमबाप्पे, फाबिन्यो, लेमार एकेक करून विकले गेलेले, दुखापतींची लांबलचक यादी, भरायला अकादमीतली पोरं. ब्रुगकडून घरी ०-४, पुढच्या सामन्यात पीएसजीकडून घरी ०-४. लीगमधला पहिला विजय २४ नोव्हेंबरला, कानविरुद्ध १-०, फाल्काओची फ्री किक. १९ जानेवारीला स्ट्रासबूर्गकडून घरी १-५, आणि २४ जानेवारीला त्याला दूर केलं. २० सामने, ४ विजय, ५ बरोबरी, ११ पराभव. ज्याला काढून हेन्रीला आणलं त्या जार्दिमलाच परत बोलावलं, आणि मोनॅको सतरावं राहून कसंबसं वाचलं.

चूक कुठे? पहिली, नेमणूक हंगामाच्या मध्यात. नवी मांडणी बसवायला हंगामाआधीचे पाच-सहा आठवडे लागतात, ते त्याला मिळालेच नाहीत. दुसरी त्याची स्वतःची: मांडणी वारंवार बदलली. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना घसरत्या संघात दर आठवड्याला नवं काम दिलं की ती साधा पासही घाबरत देतात. तिसरी, राग लपवता न येणं. सतरा वर्षांचा बादियाशील पत्रकार परिषदेतून उठताना खुर्ची आत सरकवायला विसरला तेव्हा हेन्रीने ज्या नजरेने पाहिलं ती चित्रफीत जगभर फिरली. लोकांना ती आवडली. खेळाडूंच्या खोलीत तीच नजर भीती निर्माण करते.

कूपरेज
मॉन्ट्रियलचा काळ कमी लेखला जातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने तिथल्या क्लबचं प्रशिक्षकपद घेतलं, मार्चमध्ये करोना. सीमा बंद, त्यामुळे कॅनडाच्या संघाला 'घरचे' सामने न्यू जर्सीच्या रेड बुल अरीनात खेळावे लागले, म्हणजे जिथे हेन्री २०१० ते २०१४ खेळला त्याच मैदानात. संघ हॉटेलांतून राहत होता. तरी संघाला बाद फेरीपर्यंत नेलं, तिथे न्यू इंग्लंडकडून १-२, तेही भरपाई वेळेत. जुलै २०२० मध्ये ऑर्लँडोतल्या सामन्याच्या सुरुवातीला तो ८ मिनिटं ४६ सेकंद गुडघ्यावर बसून राहिला, अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडसाठी. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुलांपासूनचा दुरावा सहन होत नाही म्हणून राजीनामा. जानेवारी २०२४ मध्ये त्याने जाहीरपणे सांगितलं की त्या काळात तो जवळजवळ रोज रडत होता, आणि खेळत असतानाही त्याला नैराश्य असावं. इतक्या मोठ्या खेळाडूने हे उघड बोलणं याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

वर्णद्वेषाविरुद्ध तो २००५ पासून, काळ्या-पांढऱ्या मनगटपट्ट्यांच्या मोहिमेपासून, सातत्याने बोलतोय. मार्च २०२१ मध्ये त्याच कारणासाठी समाजमाध्यमं सोडली. लोकप्रियतेवर जगणाऱ्या माणसाला हे सोपं नसतं.

उत्तरबाजू
२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो फ्रान्सच्या संघाचा प्रशिक्षक होता, त्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. प्रशिक्षक म्हणून त्याचं सर्वांत चांगलं काम तेच.

अडचण आधी समजून घ्या. ऑलिम्पिकसाठी खेळाडू सोडणं क्लबांवर बंधनकारक नाही. संघ १८ जणांचा, २३ वर्षांखालील, फक्त तीन मोठे चालतात. एमबाप्पे मिळाला नाही, आणखीही अनेक क्लबांनी नकार दिला. हेन्रीने तीन जागा लाकाझेत, मातेता आणि बचावात बादे यांना दिल्या. दोन स्ट्रायकर पुढे, त्यांच्या मागे ओलिसे. गटात अमेरिका ३-०, गिनी १-०, न्यूझीलंड ३-०. उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध पाचव्याच मिनिटाला मातेताचं हेडर, मग तो एक गोल राखला. उपांत्य फेरीत इजिप्त पुढे होतं, मातेताने ८३ व्या मिनिटाला बरोबरी केली आणि जादा वेळेत ३-१. अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध १-३ वरून भरपाई वेळेतल्या पेनल्टीने ३-३, मग जादा वेळेत ३-५. रौप्य. पुरुष फुटबॉलमध्ये फ्रान्सला १९८४ च्या सुवर्णानंतरचं पहिलं पदक.

मोनॅकोशी तुलना करा. इथे त्याला तयारीचे आठवडे मिळाले, एक मांडणी त्याने धरून ठेवली, आणि दोन अनुभवी माणसं पुढे ठेवली. ऑगस्ट २०२४ मध्येच त्याने पद सोडलं.

रंकाळा
सगळ्यांचे आभार. क्लॉकएंड, मुलांना दाखवायला दोन-तीनच सामने निवडायचे असतील तर कोणते? गोलांच्या जुळवलेल्या चित्रफिती नकोत, त्यात गोलाआधीचं काही दिसत नाही.

क्लॉकएंड
बरोबर, जुळवलेल्या चित्रफितीत शेवटचे चार सेकंद असतात. शिकायचं त्याआधीच्या वीस सेकंदांत आहे.

इंटर ५-१ पूर्ण दाखवा. पहिल्या अर्ध्यात मुलांना फक्त हेन्रीकडे बघायला सांगा, चेंडूकडे नाही. तो किती वेळ चालतो ते मोजू द्या. त्यांना वाटतं तो सतत धावतो. तो बहुतेक वेळ चालतो, मान वळवून मागे पाहतो, आणि बचावपटूची पाठ वळली की निघतो.

दुसरा लिव्हरपूल ४-२, दुसरा अर्धा. ७ मे २००६ चा विगनविरुद्धचा हायबरीचा शेवटचा सामना मुलांना आवडेल, हॅटट्रिक आहे आणि शेवटी तो गवताला ओठ टेकवतो, पण शिकण्यासाठी लिव्हरपूल जास्त बरा.

तिसरा ९ जानेवारी २०१२, एफए कप, लीड्स, १-०. वय ३४, न्यूयॉर्कहून दोन महिन्यांच्या उसनवारीवर आलेला, पाठीवर १२, कारण १४ वॉलकॉटकडे होता. ६८ व्या मिनिटाला उतरला, ७८ व्या मिनिटाला साँगचा पास. वेग आता जुना नव्हता. तरी तोच डावा पट्टा, तोच एक स्पर्श पुढे आणि उजवीकडे, उघडी कंबर, उजवी आतली बाजू, लांबचा खांब. त्या एका गोलात वर लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या सावकाश, सुट्या सुट्या दिसतात. टेकणारा डावा पाय कुठे पडतो तिथे चित्र थांबवा आणि मुलांना बोटांची दिशा विचारा.